दूरच्या युद्धाने घर सुरक्षित होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारताने दहशतवादाच्या बाबतीत अमेरिकेचा कित्ता गिरवावा, असं सुचवणारं फोंड्याच्या एका वाचकांचं पत्र आपल्या सदरात वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 2001 नंतर अमेरिकेने अफगाणिस्तानात आणि मग इराकमध्ये सैन्य घुसवलं, दहशतवाद्यांना तिथेच लढाईत अडकवून ठेवलं, म्हणून 11 सप्टेंबरसारखा हल्ला पुन्हा झाला नाही. भारतानेही दूर जाऊन लढायची हिंमत दाखवावी. पत्र सभ्य भाषेत आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. मी निवृत्त तारवटी, आयुष्य तेलवाहू जहाजांवर गेलं. युद्धशास्त्र शिकलेलो नाही, पण युद्ध चालू असलेल्या समुद्रातून गेलेलो आहे.

त्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. एका सकाळी तीन हजारांच्या आसपास माणसं मारणारा हल्ला अमेरिकेत पुन्हा झाला नाही. अफगाणिस्तानातली अल कायदाची प्रशिक्षण केंद्रं उद्ध्वस्त झाली, त्याचा उपयोग झालाच. पण त्याच काळात विमानांच्या कॉकपिटला भक्कम दरवाजे बसले, प्रवाशांच्या याद्या उड्डाणाआधी तपासल्या जाऊ लागल्या आणि एकमेकांपासून माहिती दडवणाऱ्या गुप्तचर संस्थांना एका टेबलाशी बसवण्यात आलं. याचं श्रेय बगदादवर पडलेल्या बॉम्बना कसं द्यायचं? विमानं पळवणारे 19 जण होते. त्यांत 15 सौदी, इराकी एकही नाही. विमान चालवायला ते अमेरिकेतच शिकले, त्यांच्या म्होरक्यांची टोळी जमली ती जर्मनीत हॅम्बुर्गला. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याने अल कायदाशी हातमिळवणी करून हा हल्ला घडवला, याचा पुरावा अमेरिकेच्याच चौकशी आयोगाला 2004 मध्ये सापडला नाही.

इराकमध्ये जे झालं ते उलटंच. मे 2003 मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमाने इराकी सैन्य बरखास्त केलं. हत्यार चालवता येणारी लाखो माणसं एका दिवसात बेकार झाली. त्यांच्यातले कित्येक अधिकारी पुढे इसिसच्या फौजेत दिसले. इसिसचा पुढचा म्होरक्या अबू बक्र अल बगदादी 2004 मध्ये अमेरिकी सैन्याच्याच बंदिवासात होता. तिथून सुटला आणि 2014 मध्ये त्याच्या लोकांनी इराकचं मोसुल शहर घेतलं. असं काही होईल याची कल्पना कोणालाच नव्हती, असंही नाही. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तचर समितीने युद्धाच्या महिनाभर आधी सरकारला बजावलं होतं की इराकवर कारवाई केली तर अल कायदाचा धोका वाढेल. ब्रिटनची अंतर्गत गुप्तचर संस्था 'एमआय फाइव्ह'च्या माजी प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनीही 2010 मध्ये इराक युद्धाच्या चिलकॉट चौकशीपुढे साक्ष दिली की या युद्धाने ब्रिटनमधल्याच काही तरुणांना कडवं केलं. त्या साक्षीच्या आधीच माद्रिदच्या लोकल गाड्या (मार्च 2004) आणि लंडनची भुयारी रेल्वे व बस (जुलै 2005) उडवून झाल्या होत्या. लंडनच्या चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले. ज्यांना इराकमध्ये 'गुंतवून' ठेवायचं होतं, ते लीड्सच्या आसपास राहत होते.

लंडन म्हटलं की आपल्या गोव्यात किती घरांचे कान टवकारतात, हे मी सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली आपली मुलं साउथॉल आणि स्विंडनला भरून राहिलेली आहेत. त्याआधीची पिढी कुवेत, बहारीन, दुबईला. 1990 मध्ये सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या घरात भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणावं लागलं, त्यांत आपले गोंयकारही होते. फोंड्याच्या वाचकांनी नकाशावर दूर बोट ठेवून 'तिथे लढा' म्हटलं, तेव्हा त्या बोटाखाली आपलीच माणसं असतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. मोसुलमध्ये बांधकामावर गेलेल्या 39 भारतीय मजुरांना इसिसने मारलं. ते गेल्याचं चार वर्षांनी, मार्च 2018 मध्ये, संसदेत जाहीर झालं. इराकवर हल्ला करायचा निर्णय घेताना त्या मजुरांना कोणी विचारलं होतं?

समुद्रावरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रयोग अगदी अलीकडचा आहे. गाझातलं युद्ध पेटल्यावर, नोव्हेंबर 2023 पासून येमेनचे हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले करू लागले. ते थांबवायला अमेरिका आणि ब्रिटनने 12 जानेवारी 2024 रोजी येमेनवर बॉम्बफेक सुरू केली. दोनच आठवड्यांत 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली. त्यावर 22 भारतीय होते. आग विझवायला आपल्या नौदलाची 'विशाखापट्टणम' धावली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी मेले. या सगळ्या प्रकरणातले व्यापारी जहाजांवरचे हे पहिले बळी, आणि ते बॉम्बफेक सुरू झाल्यानंतरचे. उरलेल्यांना 'आयएनएस कोलकाता'ने उचललं. 2025 च्या जुलैत आणखी दोन जहाजं बुडवली गेली. आपलं नौदल त्या बॉम्बफेकीत सामील झालं नाही. त्याने अरबी समुद्रात युद्धनौका वाढवल्या, चाच्यांना पकडलं, जळती जहाजं विझवली. तारवट्यांच्या घरी याचा अर्थ लगेच कळतो. करारात युद्धक्षेत्राचा भत्ता असतो, त्या पट्ट्यात मूळ पगार दुप्पट होतो, आणि 'मी जाणार नाही' म्हणायचा हक्कही असतो. पण पुढचं कंत्राट मिळेल की नाही, या धास्तीने तो हक्क वापरणारे थोडेच.

आणि ज्यांची घरं चार्टर विमानांवर चालतात, त्यांच्यासाठी हे. रशियाने 30 सप्टेंबर 2015 रोजी सीरियात हवाई हल्ले सुरू केले. सरकारचं म्हणणं तेच, की दहशतवाद्यांना ते आपल्या दारात येण्याआधी तिथेच गाठायचं. बरोबर महिन्याभराने, 31 ऑक्टोबरला, शर्म अल शेखहून पर्यटकांना घेऊन सेंट पीटर्सबर्गला निघालेलं चार्टर विमान बॉम्बने पाडलं गेलं. 224 माणसं, बहुतेक सुट्टीवरून परतणारी कुटुंबं. जबाबदारी इसिसने घेतली. रशियाने इजिप्तची उड्डाणं बंद केली, ब्रिटनने शर्म अल शेखची. तिथल्या हॉटेलांचं पुढे काय झालं असेल, हे मोरजी-हरमलच्या शॅकवाल्यांना विचारा, ते न पाहता सांगतील.

मुंबईवरच्या हल्ल्याचं उदाहरण तर या वादात हटकून यायला हवं होतं. डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक, राहायचा शिकागोला. 26 नोव्हेंबर 2008 च्या आधी त्याने मुंबईत फिरून जागा हेरल्या, नंतर पुढच्या लक्ष्यांच्या शोधात तो गोव्यालाही येऊन गेल्याचं तपासात निघालं. त्या वेळी अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानात सात-आठ वर्षं लढत होतं. हेडलीला धरलं ते 2009 च्या ऑक्टोबरात, शिकागोच्या विमानतळावर, एफबीआयच्या माणसांनी. काबूल-कंदाहारच्या लढाईचा त्या अटकेत काय वाटा होता?

पण आपल्याला अमेरिकेकडे बघायची गरजच काय? हा प्रयोग भारताने स्वतः करून पाहिला आहे. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत करार झाला आणि भारताची शांतीसेना श्रीलंकेत उतरली. ज्या तामिळ वाघांना (एलटीटीई) आपणच तामिळनाडूत प्रशिक्षण दिलं होतं, त्यांच्याशीच ऑक्टोबरपासून लढाई जुंपली. सुमारे बाराशे जवान तिथे गेले. सिंहली जनतेला आपण नको होतो, तामिळींना नकोसे झालो, आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परत आली. ज्या सरकारने बोलावलं त्याच देशाच्या पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी 'निघा' म्हटलं होतं. मग 21 मे 1991, श्रीपेरुंबुदूर, राजीव गांधींची हत्या. शांतीसेना पाठवल्याचा राग आणि ते निवडून आले तर पुन्हा पाठवतील ही भीती, हा कटाचा हेतू खटल्यात पुढे आला. त्यांच्याबरोबर आणखी डझनभराहून अधिक माणसं गेली. कोणी म्हणेल, हेतू चांगला होता, अंमलबजावणी फसली. असेल. इराकबद्दलही तेच म्हणतात.

वाजपेयी सरकार हे विसरलं नव्हतं, असं मला वाटतं. 2003 च्या उन्हाळ्यात अमेरिकेला इराकमध्ये भारताची एक डिव्हिजन, सतरा हजारांच्या घरात सैनिक हवे होते. दिल्लीत 'जाऊया' म्हणणारे वजनदार लोक होते. 14 जुलैला सरकारने नकार कळवला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, हे कारण दिलं. ऑगस्टमध्ये बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचंच कार्यालय उडवलं गेलं, नोव्हेंबरात नासिरियात इटलीचे 19 जण. त्या वर्षी आपल्या जवानांच्या शवपेट्या आल्या नाहीत याचं श्रेय वाजपेयींना कोणी देत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा फलक लागत नाही.

माझ्या म्हणण्यालाही एक अडचण आहे, ती झाकणार नाही. 2015 च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये 130 माणसं मारली गेली, तो कट सीरियातल्या इसिसच्या मुलखात रचला गेला. तो मुलूख 2019 पर्यंत लढून काढून घेतल्यावर युरोपात तसे मोठे, शिस्तबद्ध हल्ले कमी झाले. दहशतवाद्यांच्या हातात शहरं, तेलविहिरी, छापखाने असतील तर ते काढून घ्यावे लागतात, आणि ते काम पोलीस ठाण्यातून होत नाही. फक्त ती लढाई मुख्यतः इराकी आणि कुर्द लोकांनी जमिनीवर लढली, आणि ती लढायची वेळ आधीच्या युद्धाने आणली होती. सीमेपलीकडच्या तळावर मारा करून परतणं, जसं 2016, 2019 आणि 2025 मध्ये आपण केलं, हाही वेगळा विषय. त्याच्या फायद्या-तोट्यावर वाद घालता येईल, पण दुसऱ्या देशात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसण्याशी त्याची गल्लत नको.

आणि मडगाव? 2009 मध्ये दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुर स्पर्धेच्या गर्दीजवळ, स्कूटरवर नेत असलेला बॉम्ब फुटला आणि तो नेणारे दोघेच मेले. पुढे खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या रात्री आपण वाचलो ते नशिबाने. कोणत्या देशावर स्वारी करून तो बॉम्ब थांबला असता?

मुंबईत आलेल्या दहा जणांनी 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर पळवला होता. त्यानंतर किनारी पोलीस ठाणी आली, मच्छिमारांची ओळखपत्रं आली, राष्ट्रीय तपास संस्था (एनआयए) स्थापन झाली. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर आज ट्रॉलरांवरचे बरेच खलाशी ओडिशा-झारखंडकडचे असतात, हंगामागणिक बदलतात. त्यांची नोंद किती काटेकोर ठेवली जाते, रात्रीची गस्त पावसाळ्यात किती होते, हे विचारणारी पत्रं आपल्या सदरात मला फारशी दिसत नाहीत. फोंड्याच्या वाचकांनी त्यावर लिहिलं तर मी त्यांच्या बाजूने लिहीन. आणि इराकच्या बाजूने पुन्हा लिहायचं झालं तर आधी 1987 ते 1991 या चार वर्षांचं काय करायचं, ते त्यांनी सांगावं.

आपला,
एक निवृत्त तारवटी,
वास्को