दत्तकासाठीच्या प्रवासातील स्थळदर्शन

महोदय,

परदेशात मूल दत्तक घ्यायला गेलेल्या पालकांनी तेथे स्थळदर्शन करणे अनेकांना उथळपणाचे वाटते. मला हा आक्षेप अन्यायकारक वाटतो. चीनमधून मूल दत्तक घेणारी अमेरिकी कुटुंबे आधी मुलाच्या प्रांताच्या राजधानीत दत्तकविधान नोंदवत आणि मग व्हिसासाठी ग्वांगझूच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात येत, त्यामुळे वैद्यकीय तपासणी व कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत त्यांना तेथे थांबावेच लागे. ग्वांगझूमधील शामियन बेटावरील झाडांच्या सावलीतले रस्ते किंवा १८९४ साली पूर्ण झालेल्या, लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेल्या चेन घराण्याच्या पूर्वजमंदिराची छायाचित्रे हा त्या मुलासाठी पुढे आपल्या जन्मभूमीचा मोलाचा ठेवा ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने नात्यातील अपवाद वगळता परदेशी दत्तकविधान थांबवल्यामुळे तर या ठेव्याचे मोल अधिकच वाढले आहे.

अर्थात, नुकतेच अनोळखी माणसांच्या हाती आलेले, बावरलेले मूल घेऊन दिवसभर बसने हिंडणे मला मुळीच मान्य नाही. तेथे मुलाची झोप आणि भूक यांनाच अग्रक्रम हवा.

महाराष्ट्रातील संस्थांमधून मूल दत्तक घेण्यासाठीही परदेशी पालक येतात. त्यांना केवळ आग्र्याचा ताजमहाल सुचवण्याऐवजी मूल ज्या गावात वाढले तेथील बाजार, नदी, शाळा दाखवण्याची व्यवस्था संस्थांनी आवर्जून करावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे