मालवणला निघण्याआधी

पुणे, ८ मे

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हवामानाचा विषय निघाला की बाबा "हे घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून पत्र लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, संपेपर्यंत झोपाळ्यावरून उठायचं नाही.

मालवणच्या लग्नाला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. घरचं कार्य आहे, जायलाच हवं. पण २४ मे ही तारीख नेमकी अडनिडी. अरबी समुद्रात वादळं होतात ती पावसाच्या तोंडावर, नाहीतर पाऊस सरल्यावर. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, दिवाळी होऊन गेल्यावर.

बाबांचं उत्तर मला पाठ आहे : "ते गुजरातला चाललंय, आपल्याला काय त्याचं?" तौक्ते वादळही गुजरातलाच लागलं की, १७ मे २०२१ च्या रात्री. पण आपल्यासमोरून खोल समुद्रातून नुसतं जाता जाता त्याने आंब्याच्या बागा झोडपल्या, कौलं उडवली, विजेचे खांब आडवे केले. टीव्हीवर दाखवतात ती रेघ वादळाच्या मध्याची असते. वाऱ्यापावसाचा घेर त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो किलोमीटर पसरलेला असतो.

आता रस्ता. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी करत किनाऱ्याकिनाऱ्याने जायची बाबांना हौस आहे. हवा चांगली असेल तर जरूर जा, मलाही तोच रस्ता आवडतो. पण वारा वाढला की फेरी बंद. पहिली ओलांडलीत आणि दुसरी बंद झाली, की मध्येच गुहागरात अडकलात. शिवाय पुढे आरे-वारेला एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला डोंगर. इशारा आलाच तर खेडहून रेल्वेने कुडाळ गाठा, तेही दोन दिवस आधी. ऑरेंज किंवा रेड अलर्ट लागला असेल तर निघूच नका, अक्षता आपण नंतर घरी जाऊन टाकू. सकाळी ऊन पडलंय म्हणून बेत बदलायचा नाही, वादळाच्या आदल्या दिवशीही ऊन पडतं.

बाबा, हर्णै बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की तांडेल होडी काढत नाहीत, आणि तुम्हीच आम्हाला सांगायचात की तांडेलाचं ऐकावं. तो बावटा हवामान खात्याच्या सांगण्यावरूनच लागतो. मग तेच खातं मोबाइलवर बोललं की राग कसला येतो?

वादळाने वाटेत गाठलंच तर पक्क्या स्लॅबचं हॉटेल, शाळा, देवळाचा भक्तनिवास, जे सापडेल तिथे थांबा. पत्र्याच्या टपरीत किंवा झाडाखाली नको, गाडीही तिथे लावू नका. खाडीकाठी तर नकोच, भरतीच्या वेळी वादळ आलं की पाणी कुठवर चढेल सांगता येत नाही. आणि वारा एकदम पडला तरी लगेच बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असला तर थोड्या वेळाने तोच वारा उलट्या अंगाने येतो. अडचण आली तर १०७७ लावा, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष असतो.

आई, गोळ्या चार दिवसांच्या नको, पंधरा दिवसांच्या घे, डॉक्टरांची चिठ्ठीही घे. इन्शुलिन गाडीच्या कप्प्यात ठेवू नकोस, मे महिन्यात तिथे भट्टी असते. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेव. रोख पैसे हवेतच, वीज गेली की एटीएम आणि स्कॅन दोन्ही गेलं. गाडीची टाकीही भरून ठेवा.

एवढं का लिहितेय ते सांगते. ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाच्या दिवशी, दुपारी तुमचा फोन बंद झाला. लॉकडाऊन होता, निघता येत नव्हतं. मी दिवसभर नंबर फिरवत होते, "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकून ऐकून त्या बाईचा आवाज आजही डोक्यात जातो. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंचा मुलगा मोटरसायकलवरून रेंज मिळेपर्यंत गेला आणि म्हणाला, "ताई, दोघंही बरी आहेत. मागचा फणस पडलाय. काका म्हणतायत, काळजी करू नको." मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा निघताना, मुक्कामाला आणि पोचल्यावर, असे तीन मिसकॉल. रेंज नसेल तर मेसेज पाठवा, तो अडकतमाडकत का होईना, जातो.

सोबत टॉर्च आणि रेडिओचे आठ सेल पाठवतेय. बाबा, मागच्यासारखे टीव्हीच्या रिमोटमध्ये घालू नका.

तुमची,
ताई