तराजूवाल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सत्कार म्हटलं की तुम्ही मागच्या दारानं निघून जाता, म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो ६ ते १८ वयापर्यंत. अठरा पूर्ण झाली की आमची बौद्धिक अक्षम मुलं घरी बसतात. म्हणून आम्ही पालकांनी नाशकात कार्यशाळा काढली. देणगी मिळत नाही असं नाही, पण ती डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूला मिळते. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, गाडी येते, गिरणी येते, त्यावर कंपनीचं नाव ठळक. मुलांना संडासला नेणाऱ्या मावशींचा पगार, वाचा-उपचार करणाऱ्या ताईंचं मानधन, त्याच गाडीचं डिझेल... यांवर कोण कुठे नाव रंगवणार? म्हणून ते कायम थकलेलं असायचं.

किराण्याचं दुकान मुलाकडे सोपवून तुम्ही आमच्याकडे येऊन बसायला लागलात आणि म्हणालात, "चकलीची भाजणी विका." कमिटीत लगेच दोन तट. ट्रस्टनं धंदा करायचा का, वगैरे. तुम्ही आनंदवनाची आठवण काढलीत. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी सुरुवातीला वरोऱ्यात कोणी हातात घेत नव्हतं. तरी बाबा आमट्यांनी शेती सोडली नाही, पुढे हातमाग आणि सुतारकामही उभं केलं. चर्चा तिथंच मिटली.

किंमत ठरवताना डाळ-तांदळाच्या खाली तुम्ही दळण, गॅस, पिशवी आणि मुलांचं विद्यावेतन लिहायला लावलंत. नफा त्याच्याही खाली. शिवाय "गल्ला वेगळा, वही वेगळी" हा तुमचा हट्ट. पुढे ऑडिटरनी सांगितलं की तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११(४अ) मध्ये हेच होतं: ट्रस्टचा धंदा मूळ कामाला पूरक हवा आणि त्याचे हिशेब स्वतंत्र हवेत. कलम तुम्ही वाचलेलं नव्हतं, पण उधारीत बुडालेली दुकानं पाहिली होती.

आणि तो तराजू! इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे आकडे आमच्या निम्म्या मुलांना उमगत नव्हते. तुम्ही दुकानातला जुना तराजू काढलात, वजनं-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का मारून आणलात. एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात भाजणी. आमच्या एका मुलीला दहापर्यंत मोजता येत नाही. ती चिमटी-चिमटीनं भाजणी टाकत राहते, काटा सरळ उभा राहिला की टाळी वाजवते, आणि मगच पिशवी पुढे सरकते. घाई केलेली तिला खपत नाही. तिची पिशवी कधी कमी भरलेली नसते.

पिशवीवर "दिव्यांग मुलांनी बनवलेली" हे मोठ्या अक्षरांत छापायचं होतं आम्हाला. तुम्ही ते मागच्या बाजूला, पत्त्याखाली नेलंत. "दयेपोटी गिऱ्हाईक एकदा येतं, श्रावणात परत आलं पाहिजे," म्हणालात. आलं, काका. अधिकात भाजणीचं वाण देणाऱ्या बायकाही आल्या.

माझ्या मनात मात्र वेगळीच भीती होती. धंदा वाढला की चलाख मुलं पुढे आणि संथ मुलं परत घरी, असं होतंच. दिवाळीच्या गर्दीत एका पालकानं तसं सुचवलंही. तुम्ही थेट ऑर्डर कमी केलीत. गिऱ्हाईक तोडणारा दुकानदार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सगळा खर्च भाजणीतून निघत नाही, निघणारही नाही. सरकारनं आपला वाटा उचलायलाच हवा. पण मावशींचा पगार आता पहिल्या तारखेला होतो, आणि तो कोणाकडे मागावा लागत नाही. मावशींनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

मेतकुटाचा नमुना सोबत धाडते आहे. हिंग जास्त झालाय असं माझं मत, मुलांचं नाही. किंमत तुम्ही आल्याशिवाय ठरवत नाही.

आपली,
कार्यशाळेतली एक आई