तात्यानू, त्या चतुराबद्दल थँक्यू
सा. न. वि. वि.

घरी येऊन थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "आधी चाय घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या चायनीज ब्रश पेंटिंगमधल्या चतुराला (म्हणजे ड्रॅगनफ्लायला) देवगडातले सगळे "वॉव, मस्त" म्हणत होते आणि मला आतून कळत होतं की काहीतरी गंडलंय, पण काय ते सापडेना. तुम्ही बरंवाईट काहीच बोलला नाहीत, चित्र भिंतीला लावलंत, मला दाराशी उभं केलंत आणि म्हणालात, "आधी तूच सांग, खय बिघाडला ता." मी सुरू, कागद दमट, पावसाळी हवा... "हवेक कित्याक बोल लावतंस? चतुर बघ."

मग बघितलं. पंख आडवे पसरलेले, म्हणजे चतुर, पण डोळे एकमेकांपासून लांब, म्हणजे टाचणी, चतुराचा बारीक भाऊबंद! दोन पाय तर चक्क पोटाला चिकटवलेले. तुम्ही कुंपणाच्या काठीवरचा खरा चतुर दाखवलात तेव्हा कळलं, सहाही पाय छातीला, आणि पुढे गोळा झालेले, कारण त्याला चालायचं नसतंच, काडी धरून बसायचं नाहीतर उडता उडता भक्ष्य पकडायचं. शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर... जाऊदे.

पंखांचं विचारूच नका, प्रत्येक शीर काढायच्या नादात पाग, म्हणजे मासे धरायचं जाळं, पसरल्यासारखे दिसत होते. शुआन, म्हणजे या चित्रांसाठीच्या शाई शोषणाऱ्या चिनी कागदावर ब्रश जरा रेंगाळला की शाई फुटते, खोडायचा प्रश्नच नाही. पुढची कडा एका दमात गडद, बाकी शिरा फिक्या नि थोड्याच, टोकाजवळचा काळा ठिपका मात्र हवाच, हे आता हातात बसतंय. चिनी चित्रकार ची बाइशी (1864–1957) यांची कीटकचित्रं मी आधीही बघितलेली, किडा मिशीपर्यंत नेमका आणि शेजारचं पान ओल्या ब्रशने बिनधास्त फटकारलेलं. माझं नेमकं उलटं, पानाला शिरा मोजून आणि चतुर अंदाजपंचे! तुम्ही दोन्ही शेजारी ठेवलीत तेव्हा दिसलं.

चांगलं काय तेही सांगायला लावलंत, ते जास्त जड गेलं. शेपटीचे तुकडे, एकेक दाबून उचललेले, तेवढे जमलेत. तुम्हाला जाड वाटले तरी मी ठाम आहे हां.

आता नाकतोडा काढायला घेतलाय, मागच्या पायाचा सांधा अडलाय. रविवारी घरी आहात ना?

तुमची शेजारीण