साथीच्या वर्षातील मिशनरी कुटुंबांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करोनाच्या पहिल्या वर्षाविषयी आपल्या दैनिकातून आजवर पुष्कळ लिहून आले. डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कर्मचारी यांच्या कामाची दखल घेतली गेली आणि ती घेतली जाणे योग्यच होते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरील बालके आणि गरोदर मातांपर्यंत पोषण आहार पोचवीत होत्या, हे महाराष्ट्राला कळले ते वृत्तपत्रांनी लिहिले म्हणूनच. परंतु याच डोंगराळ भागात त्या वर्षी राहिलेल्या आणि राबलेल्या मिशनरी कुटुंबांविषयी मला कोठेही चार ओळी वाचायला मिळाल्या नाहीत. त्यांचा गौरव व्हावा अशी मागणी मी करीत नाही. त्यांच्या अनुभवाची नोंद व्हावी आणि ती वेळेत व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मिशनरी म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर गोरा साहेब आणि त्याचा बंगला उभा राहतो. सातपुड्यातील आजची वस्तुस्थिती फार निराळी आहे. येथे काम करणारी बहुतेक मिशनरी कुटुंबे भारतीय आहेत. कोणी तामिळनाडूतून आलेले, कोणी केरळातून, कोणी ईशान्येकडील राज्यांतून. त्यांचा चरितार्थ मुख्यतः त्यांच्या मूळ प्रांतांतील मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभासदांनी, रविवारच्या उपासनेत दिलेल्या दानावर चालतो. ती पाड्याजवळ भाड्याच्या साध्या घरात राहतात, पावरी किंवा भिली या आदिवासी बोली शिकतात आणि पुष्कळदा आयुष्याची वीस-वीस वर्षे येथेच काढतात. माझ्या परिचयाच्या अशा एका कुटुंबाचे २०२० हे वर्ष मी जवळून पाहिले. त्यांनी नाव देऊ नका असे सांगितले असल्याने मी ते देत नाही.

त्या वर्षी होळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होती. आमच्या भागातील मजूर सणाला गावी येतात आणि सण आटोपला की पुन्हा गुजरातची वाट धरतात. त्यामुळे २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, तेव्हा अनेक जण नुकतेच कामावर परतले होते. पुढच्या काही आठवड्यांत ते जमेल तसे, बहुतेक पायी, माघारी आले. धान्याची कोठी रिकामी, हाती मजुरी नाही आणि गावात शिरावे तर लोकांच्या मनात भीती, अशी त्यांची अवस्था होती. केंद्र सरकारने एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू केले, पण ते शिधापत्रिकेवर मिळणारे होते. ज्यांचे नाव पत्रिकेत चढलेले नव्हते किंवा ज्यांची पत्रिका मुळातच नव्हती, त्यांचा प्रश्न तसाच राहिला. या कुटुंबातील पती-पत्नींनी प्रथम जे काम हाती घेतले ते हेच होते. कोणत्या पाड्यावर कोणाकडे पत्रिका नाही याची यादी करणे, ती तहसील कार्यालयात देणे, परवाना मिळवणे आणि त्यानंतर मिळेल त्या वाहनातून तांदूळ, डाळ, तेल, मीठ व साबण पोचवणे.

हे काम बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात यादी करताना पती दारात उभा राहून कुटुंबप्रमुखाशी बोले आणि पत्नी आत जाऊन बाईशी बोले. घरात दाणा उरलेला नाही, सून आठव्या महिन्यात आहे, म्हाताऱ्याला चार दिवसांपासून ताप आहे, या गोष्टी आतच कळत. पुरुषांनी सांगितलेली यादी आणि बायकांनी सांगितलेली यादी यांत किती फरक पडे, हे मी त्यांच्या वहीत पाहिले आहे. मिशनच्या वार्षिक अहवालात मात्र हे सर्व पतीच्या नावे लागते. मिशनरी कुटुंब हे काम करणारे एक एकक असते, त्यातील प्रत्येक माणूस कामाला जुंपलेला असतो, आणि तरीही कागदावर एकच नाव उरते. नोंदीचा माझा आग्रह मुख्यतः येथून येतो.

मुलांचे तर त्याहून अवघड. अशा कुटुंबांतील मुले बहुधा दूरच्या वसतिगृहात शिकतात, कारण आईवडिलांच्या कामाच्या ठिकाणी त्यांच्या भाषेची शाळा नसते. या कुटुंबातील थोरला मुलगा तामिळनाडूत होता. वसतिगृह बंद झाले तेव्हा तो नातेवाइकांकडे गेला, आणि गाड्या बंद झाल्याने आईवडिलांपासून कित्येक महिने तुटला. धाकटी मुलगी येथेच होती. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम चालू होती, परंतु ज्या पाड्यावर फोन लागण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथे ऑनलाइन वर्ग कसा भरणार? तिच्या आईने घराच्या पडवीत तिच्यासोबत पाड्यावरील आणखी काही मुलांना बसवून अक्षरओळख आणि पाढे चालू ठेवले. मला स्वतःला या कुटुंबाच्या त्या वर्षातील सर्व कामांत हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ती मुले परत वर्गात जाऊन बसली.

उपासनेविषयी थोडेसे. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. शहरांतील मंडळ्यांनी मोबाइलवरून उपासना घेतली. प्रभुभोजनाचा (भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याचा) विधी घरी घ्यावा की न घ्यावा यावर वेगवेगळ्या मंडळ्यांनी वेगवेगळे निर्णय घेतले. पाड्यांवर मोबाइलचा उपयोग नव्हता, म्हणून प्रत्येक घराने आपापल्या घरात प्रार्थना करावी असे ठरले आणि बायकांनी ती चालवली. पाळकाशिवाय (धर्मगुरूशिवाय), स्वतःच्या बोलीत प्रार्थना करण्याची सवय त्या महिन्यांत लागली व ती आजही टिकून आहे.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. मंडळ्यांचे दरवाजे बंद झाले तशा दानपेट्याही बंद झाल्या. दर महिन्याला येणारा भत्ता आधी उशिरा येऊ लागला, मग कमी झाला. दुसऱ्यांच्या घरी शिधा पोचवणाऱ्या या घरात त्या काळात दूध बंद झाले होते, हे मला फार नंतर कळले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैशाच्या व्यवहारावर शासनाची नजर असावी याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मोठ्या मदतसंस्था खेड्यातील छोट्या संस्थांमार्फत शिधा आणि औषधे पोचवीत होत्या. साथ चालू असताना तो मार्ग अचानक बंद झाला आणि त्याचा फटका शेवटच्या पाड्याला बसला, हे नोंदले गेलेच पाहिजे.

धर्मांतराचा प्रश्न येथे उपस्थित होईल याची मला जाणीव आहे, आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. भुकेल्या माणसाला शिधा देताना त्याच्या श्रद्धेचा सौदा कोणी करीत असेल, तर तो ख्रिस्ती असो वा अन्य कोणी, त्याचा निषेध व्हावा. मी पाहिलेल्या वाटपात यादी तहसील कार्यालयाकडे होती आणि पिशवी देताना ना प्रार्थना होत होती, ना कोणाला त्याचा धर्म विचारला जात होता. ज्यांना शंका आहे त्यांनीही माझ्या मागणीला पाठिंबा द्यावा, कारण नोंद असेल तरच शंकेची शहानिशा होऊ शकते.

महाराष्ट्राच्या इतिहासात साथ आणि मिशनरी यांची गाठ जुनी आहे. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिकला गेले असता तेथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ चालू होती. जवळची औषधे रोग्यांना वाटून ते परत निघाले आणि वाटेत स्वतः पटकीनेच मरण पावले. त्यांची पत्नी आणि मुले त्याआधीच्या वर्षी अमेरिकेला रवाना झाली होती. दोनशे वर्षांनंतर आपल्याला हे सांगता येते, कारण त्या काळची पत्रे जपली गेली. हॉल ज्या अमेरिकन मराठी मिशनचे होते, त्याच्या मातृसंस्थेची कागदपत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत आणि आपल्याकडील अभ्यासकांना स्वतःच्या प्रांताचा इतिहास वाचण्यासाठी तिकडे पाहावे लागते. १८९७ च्या प्लेगमध्ये पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची कशी आबाळ होते ते उघड केले. संपादकाला लिहिलेले ते एक पत्रच होते, पण प्लेगच्या काळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी बोलताना अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. कायदा टिकला, तशी माणसांची कागदपत्रेही टिकायला हवीत.

२०२० मधील कुटुंबांनी पत्रे लिहिली नाहीत. त्यांनी मोबाइलवर निरोप पाठवले, याद्यांची छायाचित्रे काढली, रात्री टेकडीवर जाऊन घरच्यांना आवाजी संदेश धाडले. त्यांतील पुष्कळसे साहित्य फोन बदलताना नाहीसे झाले असून जे उरले आहे तेही आणखी काही वर्षांत जाईल. शिवाय ही कुटुंबे बदलीवर असतात. आज नवापूर तालुक्यात असलेले कुटुंब उद्या ओडिशात असेल, आणि मग पाड्यावरील माणसे व ते कुटुंब यांना एकत्र बसवून आठवणी पडताळून पाहणे अशक्य होईल.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत साथीच्या वर्षाच्या आठवणींसाठी काही काळ जागा ठेवावी आणि त्यात मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांना व आता मोठ्या झालेल्या मुलांना लिहिण्याचे निमंत्रण द्यावे. ज्या पाड्यांवर त्यांनी काम केले तेथील लोकांनाही बोलते करावे, त्यांची तक्रार असेल तर तीही छापावी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांच्या प्रती जपण्याचे काम हाती घेतल्यास ते फार उपयोगाचे होईल. मंडळ्यांनी आणि मिशन संस्थांनी त्या वर्षाच्या दफनविधीच्या नोंदवह्या, शिधावाटपाच्या वह्या आणि कार्यालयीन पत्रव्यवहार रद्दीत घालू नयेत, व पुढील अहवालांत पत्नीच्या कामाची तिच्या नावाने नोंद करावी. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने आपली वही अभ्यासकांना पाहू देण्याची तयारी दर्शवली आहे. ती कोठे सुपूर्द करावी हे आपल्या वाचकांपैकी कोणी कळवल्यास मी आभारी होईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नंदुरबार