१२५ नाही, १५० च्या क्रँक पाठवतोय

अंबाजोगाई

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उद्याच्या एसटीने निघेल. तू तुझ्या एकचाकी सायकलसाठी १२५ मिलिमीटरच्या क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना लागतं ते दांडे, मागितल्या होत्यास, मी १५० च्या पाठवतोय. चिडू नको, आधी कारण वाच.

विद्यापीठाच्या रस्त्यावर तुला आखूड क्रँकच बरी वाटणार. पाय लहान वर्तुळात फिरतात, चाक भरभर पळतं, सीट डुलत नाही. पण तुला चढायची आहे गोगाबाबा टेकडी, तीही पाऊलवाटेने. गिअरच्या सायकलवाल्याला चढ लागला की तो मागच्या मोठ्या चकतीवर साखळी टाकतो. आपल्या एकचाकीला साखळीच नाही. क्रँक थेट हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, एक्सलवर बसलेली, पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. हबच्या आतच गिअर असलेली स्विस बनावटीची हब मिळते, पण तो गिअर वेग वाढवायचा, चढाला त्याचा उपयोग नाही. चढाला तुझ्याकडे एकच गिअर, तो म्हणजे क्रँकची लांबी.

हिशोब करून बघ. तुझं वजन ५० किलो धर. जाड टायरसकट तुझ्या २४ इंची चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. क्रँक आडवी असताना सगळा भार एका पायडलवर टाकलास तर १२५ च्या क्रँकने टायर जमिनीला साधारण १९ किलोचा रेटा देतो, १५० च्या क्रँकने २३ च्या जवळपास. आणि हा झाला जास्तीत जास्त. क्रँक उभी आली, म्हणजे एक पायडल वर आणि एक खाली, की हाच रेटा शून्यावर येतो. तेव्हा कितीही दाबलंस तरी चाक पुढे सरकणार नाही, आधीच्या झोकावरच ती जागा पार करावी लागते. तू पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. तू उतरतेस ती दर वेळी तिथेच. दम तुझ्यात भरपूर आहे, मला त्याची शंकाच नाही. तो खर्च होतोय चुकीच्या जागी.

म्हणून खड्या चढावर घाई करायची नाही. क्रँक आडवी आली की क्षणभर थांब, तोल घे, श्वास घे आणि मग एकदम अर्धी फेरी मार. परत आडवी, परत थांब. सीटच्या पुढच्या मुठीला एका हाताने धर आणि दाबताना ती वर ओढ. हाताने वर ओढलं की पायाला वजनापेक्षाही जास्त जोर मिळतो. मांड्या पेटल्या तरी सीटवर धपकन बसू नको, भार पायडलवरच राहू दे. छाती पुढे, नजर दोन हात पुढच्या वाटेवर. चाकाकडे बघितलं की तोल गेलाच.

आता मला खरं सांगायचंय ते. उतरावं लागलं की तू सायकल हातात धरून खालच्या सपाटीवर जातेस आणि तिथून पुन्हा सुरुवात करतेस. लेकरा, यात तू फक्त टेकडीचा पायथा घोटतेस. पायथा आता तुला पाठ झालाय. वरचा दगडाळ टप्पा, जिथं खरी शिकायची जागा आहे, तिथं तू पोचतेस तेव्हा पाय थकलेले असतात, आणि तिथून परत खाली येतेस. जिथं उतरलीस तिथूनच बसायला शीक. बाकी सगळं महिनाभर बाजूला ठेव आणि एवढंच कर.

चढावर बसणं अवघड का, तर चाक मागे पळतं. घाटात बैलगाडी थांबली की गाडीवान चाकामागे दगड लावतो, तू तेच कर. टायरमागे एक बसका दगड लाव, क्रँक जवळपास आडवी ठेव, मागच्या पायडलवर पाय ठेवून चढ. दुसरा पाय पायडलवर पडला की लगेच पुढचं पायडल दाब, वाट पाहू नको. हे जमलं की दगड सोड. मग सायकल चढाला आडवी लाव, म्हणजे चाक मागे जायला जागाच उरत नाही. आडवीवर बस, तोल आला की जागेवर छोटी उडी मारून तोंड वर वळव. ही दुसरी रीत तुला जास्त आवडेल असं वाटतं, कारण तुला उड्या मारता येतात. पहिले काही दिवस मैत्रिणीला शेजारी उभी कर, तिच्या खांद्यावर हात ठेवून बस.

लोक हसतात, मोबाइलवर शूटिंग करतात म्हणालीस. आणि आत्या फोनवर म्हणाली की हे सर्कशीतलं, पोरीच्या जातीला कशाला. मनावर घेऊ नको. एक चाक सर्कशीत होतं हे खरं, पण डोंगरातही ते कधीचंच गेलंय. अलास्कातल्या स्यूअर्डचा जॉर्ज पेक १९८० च्या दशकात खडकाळ वाटांवर एकचाकी चालवत होता. कॅनडाचा क्रिस होम तर भूवैज्ञानिक माणूस, त्यानं डोंगरातल्या वाटांसाठी मजबूत एकचाकी घडवायला घेतल्या आणि आज जगभर त्या चालतात. युनिकॉन नावाची जागतिक स्पर्धा भरते, तिच्यात डोंगर चढण्याची वेगळी शर्यत असते. आत्याला हे मी सांगितलंय. तू करतेस ते मला मनापासून आवडतं. दुकानात सायकल न्यायला येणाऱ्या पोरींना मी तुझा व्हिडिओ दाखवतो.

पण पॅड घातल्याशिवाय जाऊ नको, यावर मी ऐकणार नाही. चढावर पडताना बहुतेक वेळा पाय मागे जमिनीवर टेकतात आणि काही होत नाही. उतारावर चाक दगडाला अडलं की माणूस पुढे फेकला जातो आणि आधी तळहात टेकतो, म्हणून मनगटाचे गार्ड हवेत. नडगीचे गार्ड पायडलच्या खिळ्यांसाठी. हेल्मेट तर हवंच. उतरताना पायांनी चाक रोखून रोखून गुडघे दुखतील, कारण इथं फ्रीव्हील नाही, पाय फिरतच राहणार. सीटखालचा ब्रेक हळूहळू दाबायची सवय लाव. एकदम दाबलास तर तोंडावर येशील.

टायरमधली हवा कमी ठेव, १५ ते २० पीएसआय. तुझं वजन कमी आहे, तेवढ्यात भागतं. मुरमावर आणि सुट्या खडीवर मऊ टायर दगडाला धरून राहतो, टणक टायर जागच्या जागी फिरतो. सराटे आणि बाभळीचे काटे मात्र आपल्याकडे कुठं नाहीत? ट्यूबमध्ये भरायचं द्रव पार्सलमध्ये ठेवलंय, व्हॉल्व्हची सुई काढून भर. पाऊस पडला की काळ्या रानातून जाऊच नको, माती टायर आणि फ्रेमच्या फाट्यात अशी बसते की चाक फिरत नाही.

म्हैसमाळचं म्हणालीस. खुलताबादहून वरचा डांबरी रस्ता आधी कर, पहाटे, उन्हाच्या आत. पाऊलवाटा नंतर. गौताळ्याचं मात्र माझ्या मनात नाही. ते अभयारण्य आहे, बिबट्याही आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय आणि एकटीनं तर अजिबात जायचं नाही. टेकडीवर पहाटे म्हातारी माणसं फिरायला येतात, शेळ्या असतात. ते समोर आले की तू उतर, त्यांना वाट दे. नाहीतरी तुला पुन्हा बसण्याचा सराव हवाच आहे.

दिवाळीला येशील तेव्हा मुकुंदराजाच्या दरीतली वाट करू. तू चाकावर, मी चालत. समाधीपासून खाली उतरणारी ती वाट तुला लहानपणापासून माहीत आहे, बालाघाटाचा दगड तिथं कसा सुटा असतो तेही. उतरायचं ठीक, पण मला तू ती चढताना बघायची आहे. कुठं थांबलीस तरी चालेल, तिथूनच पुन्हा बस.

आईनं पार्सलमध्ये शेंगदाण्याचे लाडू घातलेत, वाटून खा.

तुझे
अण्णा

ता.क. : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चाक फ्रेममध्ये उलटं बसवलंस तर डावी क्रँक उजवीकडे येते आणि चालता चालता पायडल सुटतं, म्हणून क्रँकवरची डावी-उजवीची खूण आधी बघ. तुझ्या हबचा एक्सल चौकोनी टोकाचा आहे. बोल्ट घट्ट आवळ आणि पहिली फेरी मारून आलीस की पुन्हा आवळ. ढिल्या क्रँकवर चालवलंस तर चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँक वाया जाते. मोठ्या उड्या मारायला लागलीस की खाचांच्या एक्सलची हब बघू, तोवर हीच जप.