मिस्त्रीकाका, तुम्ही हिरवा रंग मारला नाही म्हणून

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून गाडी नेली त्याला येत्या पोळ्याला वर्ष होईल. त्या दिवशी हिशेब केला, ‘येतो काका’ म्हणालो आणि निघालो. आभाराचं राहूनच गेलं. आज उघड लिहितोय, कारण रॉयल एनफिल्डच्या क्लासिक मोटारसायकलला फौजी रूप द्यायची हौस आमच्या देवळी-आर्वीकडच्या बऱ्याच पोरांना आहे. तुम्ही मला जे सांगितलं ते त्यांच्याही कानावर जावं.

माझी २०१४ ची मरून क्लासिक ३५० घेऊन आलो तेव्हा मोबाइलमध्ये ऑलिव्ह हिरव्या गाड्यांचे फोटो होते. तुम्ही फोटो पाहिले, फोन परत दिला आणि म्हणालात, “डाक्तर, हा रंग म्या नाही मारत. हा फौजेचा हाय.” मला वाटलं, पुलगावात दारूगोळ्याच्या डेपोमुळे लष्कराच्या गाड्या रोज डोळ्यांपुढून जातात, म्हणून मान राखताय. मान होताच, पण कायदाही होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियमच आहे की संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय कोणत्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. मी तो रात्री घरी वाचला आणि सकाळी निमूट परत आलो. नंबरप्लेटवर फौजेसारखा बाण काढायचंही डोक्यात होतं, ते तर तुमच्यापुढे बोललोच नाही.

मग तुम्ही टिनाच्या तीन तुकड्यांवर मातकट रंगाच्या तीन छटा मारल्या, लिंबाखाली वाळत ठेवल्या आणि मला भर दुपारी यायला सांगितलं. “उन्हात पाह्य. गाडी उन्हातच फिरते.” सावलीत आवडलेली छटा उन्हात पांढुरकी दिसली. शेवटी घेतली ती वर्धा नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूची, बिनचमकीची. त्यावरही तुम्ही आधी कागद, मग रंग असाच हट्ट धरलात. वर्ध्याच्या आरटीओत अर्ज, आरसीवर नव्या रंगाची नोंद, विमा कंपनीला कळवणं, हे सगळं तुमच्यामुळेच वेळेत झालं.

तुमची एक गोष्ट मनात फार खोल गेली. तुम्ही म्हणालात, फौजेच्या गाडीवर क्रोम नसतं, कारण ऊन पडलं की ते कोसावरून चमकतं. दिव्यावर चीर ठेवलेलं झाकण असतं ते विमानातून उजेड दिसू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एनफिल्डची १२५ सीसीची छोटी गाडी लोखंडी पिंजऱ्यात बांधून पॅराशूटनं खाली सोडायचे, म्हणून तिचं वजन मोजून-मापून ठेवलेलं. म्हणजे त्या रूपातली एकेक गोष्ट कामातून आली. “मंग तुहं काम काय, ते सांग,” असं तुम्ही विचारलंत आणि तिथून गाडी खऱ्या अर्थानं बनायला लागली.

माझं काम गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन. गाय संध्याकाळी माजावर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी पोचावंच लागतं, नाही तर पुढच्या माजापर्यंत शेतकऱ्याचे तीन आठवडे वाया. सोबत द्रव नायट्रोजनचं भांडं, आत उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या वळूच्या वीर्याच्या नळ्या. आधी दुसऱ्या एका ठिकाणी लावून घेतलेलं कॅरिअर नुसत्या मागच्या मडगार्डवर पेललेलं होतं. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर ते तुटलं, भांडं आडवं झालं आणि आतल्या गवळाऊ जातीच्या वळूच्या नळ्या गेल्या. त्या नळ्यांची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही.

तुम्ही पट्टी थेट चेसिसला घेतली. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून भांड्याचं कडं डावीकडे, आतून ट्यूबच्या रबराचं अस्तर. भांड्याची पेटी दिसायला अगदी काडतुसांची. पेटीचं झाकण बसवायच्या आधी तुम्ही भांड्याच्या तोंडाशी तळहात धरला आणि विचारलंत, “हे हवा सोडते का?” मी हो म्हटलं. तुम्ही झाकण परत काढलं, दोन्ही बाजूंना बोटाएवढी भोकं पाडली, कड घासून गुळगुळीत केली. वायू कोंडला तर भांडं फुटू शकतं हे माझ्या तोंडून निघायच्या आत तुमच्या हाताला कळलं होतं!

आवाजाचा सायलेन्सर तुम्ही लावू दिला नाही, फार बरं केलंत. आता गोठ्यात शिरलो तरी म्हैस दावं ओढत नाही. दिव्यावरचं ते चिरीचं झाकणही नाही म्हणालात, रात्री रानडुक्कर आडवं आलं की त्याचं मोल कळतं. आणि पुढच्या मडगार्डखाली दोन बोटं जागा वाढवून दिलीत त्याला तर तोड नाही. आपली काळी माती ओली झाली की चाक जाम करून टाकते. अडकलीच तर तासायला पेटीखाली खोचून दिलेली ती लोखंडी पट्टी मी या पावसाळ्यात रोज वापरतोय.

त्या म्हाताऱ्या बाईच्या गाईला मागच्या आठवड्यात कालवड झाली. नव्या रूपातली गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो होतो तो तिच्याच गोठ्यात. तिनं तुमच्यासाठी चिकाचा डबा दिलाय, घरी फ्रिजमध्ये ठेवलाय. रविवारी येतो, काकूंना खरवस करायला सांगा. टाकीवर डाव्या गुडघ्याजवळ रंग थोडा उडालाय, तेवढा हात मारून द्याल.

तुमचा,
ढोराचा डाक्तर